म्हणे, वह्यांमध्ये काही नव्हतं

काल रात्री नाटक बघून परतताना गाडीत मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "छान होतं गं, पण ते हात बघणाऱ्या माणसाचं लफडं कशाला घातलं? तिकडे माणसं मरतायत आणि हिचं भलतंच चाललंय!" मी गप्प बसले. गाडी त्याची होती. आता घरी आहे, लिहिते.

नाटक 'एटी'. अॅम्स्टरडॅममध्ये राहणाऱ्या, ज्यू असलेल्या एटी हिलेसुमच्या डायऱ्या आणि पत्रं, त्यातलेच शब्द घेऊन सुझन स्टाइन यांनी बेतलेला एकपात्री प्रयोग. करतातही त्याच. (अॅन फ्रँक नव्हे! काल तिघांना सांगून झालं.) एटीनं डायरी सुरू केली मार्च १९४१ मध्ये, सत्तावीस वर्षांची असताना. नेदरलँड्स नाझींच्या ताब्यात जाऊन वर्ष होत आलेलं. आणि लिहायला लावलं कोणी? त्याच हात बघणाऱ्यानं, युलियुस स्पीरनं. तिच्या दुप्पट वयाचा, तिचा गुरू, मनावर उपचार करणारा, प्रियकर, सगळं एकात. त्याला वगळलं तर वही उघडलीच जात नाही, दादा!

माझं डोकं एवढं का फिरलं, ते सांगते. आमची कराडची आत्या लिहायची. विमा एजंट फुकट देतात त्या डायऱ्यांत, तारखा न बघता. ती गेल्यावर, तेरावं उरकल्यावर काकांनी एक पान मोठ्यानं वाचलं. "आज दूध नासलं. बरं झालं. चहा मागायला कोणी यायचं नाही." सगळे हसले. मीही. "यात काही नाही, दुधाचे हिशेब आणि रडगाणी," काका म्हणाले. रद्दीवाल्याच्या काट्यावर साडेपाच किलो भरलं.

एटीच्या वह्यांतही तेच आहे की. पोटदुखी, डोकेदुखी, घरातल्या दुसऱ्या पुरुषाशी असलेले संबंध, गर्भपात, आरशासमोरचा वेळ. आणि त्याच शाईत पिवळा तारा, ट्रामला बंदी, सायकलीला बंदी. जुलै १९४२ मध्ये तिला स्वच्छ कळलंय की यांना आपल्याला संपवायचंच आहे. तेव्हा ती लिहिते की पायाचे फोड, घरामागची जाई आणि हा छळ, सगळं माझ्यात एकच झालंय. पावसानं ती जाई पार झोडपलीय, पण हिच्या आत कुठेतरी फुलतेच आहे. फोड कापून नुसती जाई ठेवा, की झाली भिंतीवरच्या कॅलेंडरची संतीण! आपल्याला बाई तशीच लागते ना? सोसणारी, धुतलेली, पोट साफ असलेली.

हं, तिनं लपायला नकार दिला हे मलाही पचत नाही. मित्र अक्षरशः ओढून न्यायला आले होते. ही गेली नाही, उलट आपणहून वेस्टरबोर्कच्या छावणीत कामाला गेली. तिथून दर मंगळवारी ऑशविट्झसारख्या मृत्युछावण्यांकडे गाडी सुटायची. मी असते तर पळाले असते.

आणि खरं सांगायचं तर मैत्रिणीचा नवरा वाईट नाही. दिवसभर काम करून आम्हा दोघींना घेऊन गेला, पार्किंगचे पैसेही त्यानंच भरले. काकाही वाईट नव्हते. आत्याच्या शेवटच्या दुखण्यात रात्ररात्र बसले.

७ सप्टेंबर १९४३. मालगाडीच्या डब्यात पाठपिशवीवर बसून एटीनं कार्ड लिहिलं आणि बाहेर फेकलं. आईवडील आणि भाऊ मिशा काही डबे सोडून. आम्ही गात छावणी सोडली, असं त्यात आहे. शेतकऱ्यांना ते रुळांजवळ सापडलं, त्यांनी पोस्टात टाकलं. कोण, कुणाचं, काही माहीत नसताना! ऑशविट्झमधून ती परत आली नाही. वह्या तिनं आधीच मैत्रिणीकडे दिल्या होत्या, एका लेखक मित्राला द्यायला सांगून. त्यानं प्रकाशकांचे उंबरे झिजवले, कुणी घेईना. पुस्तक निघालं १९८१ मध्ये. तोवर वह्या घरात जागा अडवून पडून होत्या.

आत्याच्या का नाही राहिल्या? काकांवर किती वेळ ढकलू? तिचं लाकडी कपाट मला हवं होतं, कॉलेजच्या कपड्यांसाठी. वह्या मीच काढून दारात ठेवल्या. गठ्ठा बांधताना सुतळीवर बोटही मीच धरलं होतं.

कपाट अजून कराडलाच आहे, भावाकडे. त्यात पाहुण्यांच्या चादरी असतात.