मानधन नको, पण खाड्याची भरपाई हवी

गेल्या रविवारी सामन्यानंतर आमच्या फुटबॉल क्लबची बैठक झाली. विषयपत्रिकेत नसलेला विषय निघाला आणि दोन तास चालला : खेळाडूंना पैसे द्यायचे का? दुसऱ्या एका क्लबनं आमच्या स्ट्रायकरला दर सामन्यामागे ठरावीक रक्कम देऊ केली आहे. पोरगा अजून गेलेला नाही. पण त्यानं सरळ विचारलं, "दादा, आपला क्लब काय देणार?" मी आठ वर्षं क्लबचा खजिनदार आहे, त्याआधी बारा वर्षं याच जर्सीत राइट बॅक खेळलो. बैठकीत मला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझं मत आधी सांगतो. स्थानिक हौशी क्लबनं खेळाडूला खेळण्याबद्दल मानधन देऊ नये. पण खेळण्यापायी त्याच्या खिशातून जे जातं, ते मात्र क्लबनं भरून द्यायलाच हवं.

हे मत माझं पहिल्यापासून नव्हतं. 'खेळायची आवड असेल तर ये, नाहीतर राहू दे' असं मीही म्हणायचो. मग आमचा लेफ्ट बॅक यायचा बंद झाला. सरावाला सगळ्यांत आधी येणारा, जाळी बांधणारा, चेंडूत हवा भरणारा मुलगा. आम्हाला वाटलं, त्याचं मन उडालं. चार-पाच महिन्यांनी रस्त्यात भेटला तेव्हा कळलं. तो रोजंदारीवर होता. शनिवारचा सामना म्हणजे त्याचा एक खाडा. बाहेरगावचा सामना असला की त्यात प्रवासखर्चाची भर. वर वर्षाची वर्गणी सगळ्यांइतकीच. घरी लहान बहिणीची फी थकली आणि त्यानं मुकाट्यानं फुटबॉल सोडलं. आम्हाला सांगायची त्याला लाज वाटली. त्या दिवसापासून 'आवड असेल तर ये' हे वाक्य मी उच्चारलेलं नाही. महिन्याचा पगार खात्यात जमा होणाऱ्या माझ्यासारख्याला शनिवारची दुपार फुकट पडते. त्याला ती विकत घ्यावी लागत होती.

हा प्रश्न फुटबॉलइतकाच जुना आहे. 1884 च्या जानेवारीत इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेत उत्तरेकडचा प्रेस्टन नॉर्थ एंड आणि लंडनचा अप्टन पार्क या क्लबांचा सामना बरोबरीत सुटला. अप्टन पार्कनं तक्रार केली की प्रेस्टन खेळाडूंना पैसे देतं. प्रेस्टनचा कारभार बघणारे विल्यम सडेल यांनी ते नाकारलं नाही, उलट सगळेच देतात असं सांगितलं. प्रेस्टनला स्पर्धेतून काढलं गेलं. पण वाद तिथं मिटला नाही. उत्तरेकडच्या गिरणी-कारखान्यांच्या गावांतले क्लब वेगळी संघटना काढायच्या तयारीला लागले आणि 1885 च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला (एफए) व्यावसायिक खेळाडूंना मान्यता द्यावी लागली. त्या मान्यतेला एक अट होती. कपच्या सामन्यात पैसे घेणारा खेळाडू एकतर क्लबच्या मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला हवा, नाहीतर दोन वर्षं तिथं राहिलेला हवा. पैसा आला की गावचा क्लब गावचा राहणार नाही, ही धास्ती तेव्हाही होती. मला ती अट आज जुनाट वाटते, त्यामागची धास्ती वाटत नाही.

रग्बीत तर याच मुद्द्यावर खेळाचे दोन तुकडे झाले. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांचं मागणं साधं होतं : खेळापायी बुडालेल्या कामाच्या वेळेची भरपाई. म्हणजे आपला खाडा. 1893 मध्ये रग्बी युनियन या तिथल्या रग्बी संघटनेच्या सभेत ती मागणी फेटाळली गेली आणि 1895 च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डला जमलेल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यांनी दिवसाला सहा शिलिंग भरपाई मान्य केली. फेटाळणाऱ्यांत शनिवारची मजुरी बुडण्याची चिंता नसलेले पुष्कळ होते. हौशी खेळाच्या शुद्धतेबद्दल कुणी तावातावानं बोलू लागलं की मला आता ती सभा आठवते.

मग थेट मानधनच का नको? कारण आमच्यासारख्या क्लबात पैसा कुठून येतो ते मी रोज बघतो. वर्गणी, एखाद्या प्रायोजकाची मदत, स्पर्धेतलं बक्षीस, जुन्या खेळाडूंची देणगी. तिकीट कुणी काढत नाही, प्रक्षेपणाचे हक्क नाहीत. त्यामुळे एका स्ट्रायकरला पैसे द्यायचे तर ते उरलेल्या वीस जणांच्या खिशातून किंवा पोरांच्या गटाच्या चेंडूंतून जाणार. स्वतःची वर्गणी भरून, बाकावर बसून, आपल्याच पैशांवर दुसऱ्याला खेळताना बघायचं, हे किती दिवस चालेल?

आमच्याकडे हे एका हंगामात घडून गेलंय. मी तेव्हा खेळत होतो. एका हितचिंतकानं तीन बाहेरचे खेळाडू आणले, त्यांना सामन्यानंतर पाकिटं मिळायची. आम्ही त्या वर्षी खूप जिंकलो, हे खोटं सांगणार नाही. पण ड्रेसिंग रूममध्ये कुजबुज सुरू झाली. चुकीचा पास गेला की 'पैसे घेतोस ना?' हे ऐकू यायचं. आपल्या गटातून वर आलेली दोन मुलं बाकावरच राहिली आणि नंतर दिसली नाहीत. पुढच्या वर्षी त्या गृहस्थांनी हात आखडता घेतला. तिघेही गेले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याशी व्यवहारच तेवढा होता. पण पुढच्या हंगामात आम्हाला अकरा जण जमवताना नाकी नऊ आले.

आणि ती पाकिटं! मला मानधनापेक्षाही या लपवाछपवीचा जास्त राग आहे. इंग्लंडमध्ये कागदोपत्री हौशी असलेल्या खेळाडूंच्या बुटांत नोटा ठेवल्या जायच्या. शेवटी 1974 मध्ये एफएनं हौशी आणि व्यावसायिक हा भेदच पुसून टाकला आणि 1893 च्या हंगामापासून चालत आलेला हौशी संघांचा अमॅच्युअर कप बंद झाला. चोरून पैसे घेणाऱ्या खेळाडूकडे करार नसतो. गुडघा गेला तर तो कुणाकडे दाद मागणार? क्लब म्हणणार, आम्ही कुठं काय देत होतो?

फिफाची व्याख्या मला या गोंधळात उपयोगी वाटते. क्लबशी लेखी करार असलेला आणि खेळण्यासाठी होणाऱ्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळणारा खेळाडू व्यावसायिक. बाकी सगळे हौशी. म्हणजे खर्च भरून दिल्यानं कुणाचं हौशीपण बुडत नाही. खर्च म्हणजे काय, हे मात्र प्रामाणिकपणे ठरवायला हवं.

बैठकीत आमच्या सचिवांनी क्वीन्स पार्कचं उदाहरण दिलं आणि ते बिनतोड होतं. ग्लासगोचा हा क्लब 1867 चा. 1872 मध्ये इंग्लंडविरुद्ध झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात स्कॉटलंडचे अकराही खेळाडू याच क्लबचे होते. दीडशे वर्षं यांनी खेळाडूंना पगार दिला नाही. स्कॉटलंडचा अँडी रॉबर्टसन तिथं हौशी म्हणून खेळला आणि पुढे 2019 मध्ये लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीग जिंकला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये क्वीन्स पार्कच्या सभासदांनी हौशी दर्जा सोडायचा ठराव केला. घडवलेली पोरं हातात काही न पडता दुसरीकडे जातात, हे त्यांचं दुखणं होतं. सचिव म्हणाले, "त्यांना जमलं नाही, तर आपल्याला काय जमणार?"

मी त्यावर आठवडाभर विचार केला. क्वीन्स पार्क देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता, समोर सगळे पगारी संघ. आमच्या लीगमध्ये वर जायचा जिनाच दोन पायऱ्यांचा आहे. आमचा पोरगा आमच्याकडून खरोखर वरच्या पातळीवर गेला तर मी त्याला स्टेशनवर सोडायला जाईन. पण तो आमच्याच पातळीवरच्या क्लबात चार पैशांसाठी निघालाय. तो गेला तर मला वाईट वाटेल. तरीही त्याला थांबवायला बोली लावू नये, कारण पुढच्या वर्षी दुसरा कुणी त्यावर बोली लावेल.

आणखी एक गोष्ट बैठकीत कुणी काढलीच नाही, आणि त्याची मला चीड आली. आमचा मुलींचा संघ आहे. त्यांच्या जर्सी तीन वर्षांपूर्वीच्या, सरावाची वेळ उरलीसुरली. आम्ही पुरुष संघाच्या मानधनावर दोन तास बोललो, त्यांच्या प्रवासखर्चावर दोन मिनिटं नाही. इंग्लंडमधल्या डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा 1920 चा बॉक्सिंग डेचा (26 डिसेंबर) सामना बघायला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर 53,000 लोक आले होते. त्या मुलींना खर्चापोटी सामन्याला दहा शिलिंग मिळत. पुढच्याच वर्षी एफएनं आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. त्या ठरावात सामन्यांच्या उत्पन्नातून खर्चापोटी फार पैसे जातात अशीही तक्रार होती. बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. बायकांना खर्च दिला की तो लोकांच्या डोळ्यांत खुपतो, हे आजही दिसतं. आमच्याकडे तर द्यायचा विषयच निघत नाही.

तर माझा प्रस्ताव असा. आधी सगळ्यांचा अपघात विमा, दोन्ही संघांचा, पोरांच्या गटांसकट. मग बाहेरच्या सामन्यांचा प्रवासखर्च. मग ज्याचा खरोखर खाडा पडतो त्याला त्या दिवसाची भरपाई. मग तो स्ट्रायकर असो की राखीव गोलकीपर, दर एकच. गोलवर बक्षीस नाही, सामनावीराला रोख नाही. वर्गणी ज्याला झेपत नाही त्याला माफ, आणि ती कुणाला माफ झाली हे फक्त खजिनदाराला ठाऊक. बाकी सगळा हिशेब दर तीन महिन्यांनी सभासदांसमोर.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे. रग्बीतल्या त्या बंडखोर क्लबांनीही भरपाईपासूनच सुरुवात केली आणि 1898 पर्यंत उघड मोबदल्याला मान्यता दिली. भरपाईचं मानधन व्हायला त्यांना तीनच वर्षं लागली. आपलंही तसंच होईल का? होऊ शकतं. म्हणूनच रक्कम खेळाच्या दर्जावर न ठरता बुडालेल्या मजुरीवर ठरावी असं मी म्हणतोय. संघात कोण किती भारी, हा प्रश्न खजिनदाराच्या वहीत येताच कामा नये.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. एका मुद्द्यावर माझंच अजून ठरलेलं नाही. सामन्याचा खाडा समजतो, पण रात्रपाळी सोडून सरावाला येणाऱ्याचं काय? ते धरलं तर आमची शिल्लक हंगामाच्या मध्यात संपते, मी दोनदा बेरीज केली. नाही धरलं तर आमचा नवा सेंटर हाफ पुढच्या महिन्यापासून सरावाला येणार नाही. लेफ्ट बॅकला काल फोन केला होता. शनिवारची भरपाई मिळणार असेल तर बूट अजून ठेवलेत, म्हणाला.