‘कुठलंही मेमरी मॉडेल घ्या, वेग तोच’ हा दावा टिकत नाही

टर्बो सी (सी भाषेचा डॉसवरचा जुना कंपायलर) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज ही मेमरी मॉडेलं, म्हणजे कोड आणि डेटाचे पत्ते केवढे ठेवायचे याचे कंपायलरमधले पर्याय, फक्त प्रोग्रॅम किती मोठा होऊ शकतो ते ठरवतात, वेग ठरतो प्रोसेसरच्या मेगाहर्ट्झवर, म्हणून सरळ लार्ज निवडा आणि निर्धास्त राहा. पुरावा म्हणून ‘दोन्ही मॉडेलांत चालवून पाहिलं, वेळ सारखाच लागला’ असं सांगतात. वर, ‘मोटोरोला ६८००० या प्रोसेसरवर ही भानगडच नव्हती’ असंही. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत सी भाषेची ओळख टर्बो सीनेच झाली. त्यामुळे हा सल्ला इथे पक्का रुजला आहे आणि तो खोडायलाच हवा.

१९८१च्या आयबीएम पीसीपासून सुरुवात करू. त्यातला ८०८८ आतून १६ बिटांचा, पण मेमरीशी जोडणारी बाहेरची बस ८ बिटांची. एक बाइट आणायला ४ क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचे ठोके. म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झवर सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १२ लाख बाइट, आणि त्यातच सूचना आणि डेटा दोन्ही भागवायचे. अशा यंत्रावर पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, २ बाइटांचा की ४ बाइटांचा, हा थेट वेगाचा प्रश्न आहे. इथे मेमरी ६४ केबीपर्यंतच्या सेगमेंटमध्ये पाहिली जाते: २ बाइटांचा ‘नियर’ (near) पॉइंटर फक्त सेगमेंटमधली जागा (ऑफसेट) सांगतो, ४ बाइटांचा ‘फार’ (far) पॉइंटर सेगमेंटही सांगतो. स्मॉलमध्ये सगळे पॉइंटर नियर, लार्जमध्ये सगळे फार. स्टॅकवरचा नियर पॉइंटर रजिस्टरमध्ये घ्यायला इंटेलच्या तक्त्याप्रमाणे २१ क्लॉक लागतात. फार पॉइंटर एलईएस (LES) सूचनेने, सेगमेंटसकट, घ्यायला ३३. त्यानंतर ईएस (ES) या सेगमेंट रजिस्टरमधून वाचताना दर वेळी एक जादा प्रीफिक्स बाइट आणि २ क्लॉक. फंक्शनला नियर कॉल २३ क्लॉकचा, फार कॉल ३६ चा. लिंक्ड लिस्टवरून चालणारा प्रोग्रॅम हा भुर्दंड प्रत्येक नोडला भरतो, शिवाय नोडही मोठा होतो. म्हणून तर मधली मॉडेलं आहेत: कोड मोठा पण डेटा ६४ केबीत मावणारा असेल तर मीडियम, उलट असेल तर कॉम्पॅक्ट.

आता ‘चालवून पाहिलं’ या पुराव्याकडे वळू. बहुतेक जण मोजायला मूळ संख्यांची चाळणी घेतात. ‘बाइट’ मासिकाने सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी चांगलीच आहे, पण या प्रश्नासाठी निरुपयोगी. तिचा ८१९१ बाइटांचा अ‍ॅरे ग्लोबल असतो, आणि टर्बो सीच्या लार्ज मॉडेलमध्येसुद्धा सगळा स्टॅटिक डेटा एकाच ६४ केबीच्या सेगमेंटमध्ये बसतो. तो डीएस (DS) या डेटाच्या नेहमीच्या सेगमेंट रजिस्टरमधून, नियर पद्धतीनेच वाचला जातो. फार पॉइंटर वापरलाच गेला नाही तर त्याची किंमत दिसणार कुठून? तोच अ‍ॅरे मॅलॉकने (चालू प्रोग्रॅममध्ये मेमरी मागणारं फंक्शन) घ्या आणि पॉइंटरने फिरा, फरक समोर येईल.

मात्र हे डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, करू नका. डॉसबॉक्सची ‘सायकल्स’ म्हणजे खऱ्या प्रोसेसरचे क्लॉक नव्हेत. एका मिलिसेकंदात किती सूचना चालवायच्या, एवढंच तो आकडा सांगतो. तिथे २१ क्लॉकची सूचना आणि ३३ क्लॉकची सूचना जवळजवळ एकाच भावात निघतात. आज आपल्याकडे मोजणारे बहुतेक जण डॉसबॉक्सवरच मोजतात, आणि या गैरसमजाचं मोठं कारण मला तेच वाटतं.

मेगाहर्ट्झ वाढले की प्रश्न मिटतो, हेही खरं नाही. ८०८८नंतरच्या ८०२८६वर रिअल मोडमध्ये, म्हणजे ८०८८सारखं चालताना, मेमरीतून साधा मूव्ह ५ क्लॉकचा, एलईएस ७ चा. फरक किरकोळ. पण मेमरीला संरक्षण देणाऱ्या प्रोटेक्टेड मोडमध्ये गेलात की मूव्ह ५ वरच राहतो आणि एलईएस २१ वर जातो, कारण सेगमेंट रजिस्टर भरताना प्रोसेसरला डिस्क्रिप्टर (सेगमेंटची माहिती देणारी नोंद) वाचून तपासावा लागतो. म्हणजे नव्या, वेगवान प्रोसेसरच्या या मोडमध्ये फार पॉइंटर तुलनेने अधिकच महाग झाला. नुसत्या मेगाहर्ट्झवरून दोन वेगळ्या घराण्यांतले प्रोसेसर तर तोलताच येत नाहीत. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ हा ८ बिटी प्रोसेसर आपल्या सूचना साधारण २ ते ७ क्लॉकमध्ये उरकतो, झेड८० या दुसऱ्या ८ बिटी प्रोसेसरची सर्वांत छोटी सूचनाच ४ क्लॉक घेते.

६८०००बद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे. त्यावर सलग १६ एमबीचा पत्ता होता, सेगमेंटचं गणित नव्हतं, आणि ते फार मोठं सुख होतं. पण त्याच्या सापेक्ष उड्यांचं अंतर १६ बिटांत, म्हणजे मागे-पुढे ३२ केबी. त्यामुळे १९८४च्या मॅकिंटॉशवर कोडचे ३२ केबीपर्यंतचे तुकडे पाडून त्यांना जंप टेबलने (उड्यांच्या पत्त्यांची यादी) जोडावं लागे, आणि ए५ रजिस्टरवरून मोजले जाणारे ग्लोबलही ३२ केबीतच. शिवाय पॉइंटर कायम ४ बाइटांचा आणि डेटा बस १६ बिटांची, म्हणून प्रत्येक पॉइंटरला दोन फेऱ्या. स्वस्त पॉइंटर निवडायची सोयच नव्हती.

राहिला ‘निर्धास्त’ हा शब्द. लार्जमध्ये फार पॉइंटर पुढे सरकवला की फक्त ऑफसेट बदलतो. ६४ केबी ओलांडताच तो त्याच सेगमेंटच्या सुरुवातीला येतो आणि मुकाट्याने चुकीचा डेटा खराब करतो. टर्बो सीचं ह्यूज मॉडेल निवडूनही हे सुटत नाही. तिथे स्टॅटिक डेटाची मर्यादा वाढते, पण पॉइंटर ‘फार’ प्रकारचेच राहतात. एवढा मोठा अ‍ॅरे हवा असेल तर तो फारमॅलॉकने घ्यावा लागतो आणि पॉइंटरच्या घोषणेत ‘ह्यूज’ हा शब्द स्वतः लिहावा लागतो. मग प्रत्येक बेरजेनंतर पत्ता पुन्हा जुळवून घेण्याचा जादा कोड कंपायलर घालतो, आणि ४.७७ मेगाहर्ट्झवर तो चांगलाच जाणवतो.