आर्सेनिक, शुगर आणि नेरुळचं नळाचं पाणी: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘नवी मुंबईच्या नळाच्या पाण्यात आर्सेनिक आहे, त्यानेच घरोघरी शुगर वाढतेय, पाणी वीस मिनिटं उकळून प्या,’ असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आर्सेनिक म्हणजे एक विषारी मूलद्रव्य.

आर्सेनिक आणि मधुमेहाचा संबंध काल्पनिक नाही. तैवान आणि बांगलादेशात विहिरी-कूपनलिकांचं आर्सेनिकयुक्त पाणी वर्षानुवर्षं प्यायलेल्या लोकांमध्ये मधुमेह जास्त आढळला. पण तिथलं प्रमाण लिटरला शेकडो मायक्रोग्रॅम होतं. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. कमी प्रमाणाबाबत पुरावे अजून एकमुखी नाहीत.

शिवाय हे आर्सेनिक प्रामुख्याने भूजलातलं, गाळाच्या थरांतून उतरलेलं. नेरुळला येतं ते मोरबे धरणाचं, म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी. बंगाल-बिहारच्या आर्सेनिकयुक्त कूपनलिकांचे आकडे त्याला चिकटवणं चूकच.

सगळ्यात घातक आहे तो उकळायचा सल्ला. उकळून जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट वाफ निघून गेली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. चव-वासावरूनही ते कळत नाही. बोअरवेलचं पाणी पिण्यात असेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या.

एक आपल्या ताटातली गोष्ट: मासे खाल्ल्यावर लघवीच्या तपासणीत एकूण आर्सेनिक जास्त दिसू शकतं. ते बहुतांशी माशांतलं, फारसं अपायकारक नसलेलं असतं. तसा रिपोर्ट पाण्याविरुद्ध पुरावा म्हणून पाठवू नका.

शुगर वाढली असेल तर औषधं चालू ठेवा, डॉक्टरांना दाखवा. आणि तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर गेलाय तिथे हा खुलासा टाका.