नबीचं कौतुक करा, पण बिचारा म्हणून नको

जानेवारी २०२४, बेंगळुरू, भारत-अफगाणिस्तान टी-ट्वेंटी. दोघांचे २१२, मॅच टाय, सुपर ओव्हर. तिच्या शेवटच्या बॉलला बाय पळताना आपल्या सॅमसनचा थ्रो अफगाणिस्तानचा ऑलराउंडर मोहम्मद नबी याच्या पायाला लागून लांब गेला आणि या पठ्ठ्यांनी एकाच्या तीन केल्या. रोहित असला भडकला की विचारू नका, भर मैदानात नबीशी वाद घालायला लागला. आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथे तासाभरापूर्वी "काय गोड पोरं आहेत राव ही" चाललं होतं, तिथे लगेच "यांना स्पिरिट वगैरे काही आहे का", "आपण ग्राउंड दिली यांना, आणि हे आपल्यालाच शिकवणार" सुरू झालं. अंगाला लागलेल्या बॉलवर पळू नये हा संकेत आहे, नियम नाही, आणि मॅच टाय झालेली असताना संकेत कोण पाळत बसतं? पुढे ती सुपर ओव्हरही टाय झाली आणि दुसऱ्या सुपर ओव्हरला बिश्नोईच्या पहिल्याच बॉलवर तोच नबी आऊट झाला, आपण जिंकलो आणि अफगाणी पोरं परत गोड झाली.

मला खटकतं ते हेच. आपलं अफगाण क्रिकेटवर प्रेम आहे, पण ते दयेचं आहे. निर्वासित, युद्ध, बिचारे, तरी बघा कसे खेळतात. नबीवर कुणी लिहायला घेतलं की पहिला परिच्छेद पेशावरचा ठरलेला. आता ते खोटं आहे असं नाही, अफगाणिस्तानातल्या लोगरचं कुटुंब सोव्हिएत युद्धात पाकिस्तानात गेलं, पोरगा तिकडेच बॅट धरायला शिकला, २०१३ ला त्याच्या वडिलांना जलालाबादमधून पळवून नेलं होतं आणि दोनेक महिन्यांनी सोडलं, हे सगळं झालेलं आहे. पण यातलं काहीही वाचून तुम्हाला हे कळत नाही की हा माणूस चाळिशीतसुद्धा टीममध्ये का होता.

तर क्रिकेटचं बोलू. आणि सुरुवात आपल्या मुंबईतून करू, कारण हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. २००६ च्या मार्चमध्ये एमसीसीची, म्हणजे लंडनच्या लॉर्ड्सवाल्या जुन्या क्लबची टीम मुंबईत होती, कॅप्टन इंग्लंडचा माजी कप्तान माइक गॅटिंग, आणि समोर अफगाणिस्तान, ज्यांना तेव्हा कुणी कुत्रं विचारत नव्हतं. नबीने ११६ ठोकले आणि एमसीसीला दीडशेहून जास्त रन्सनी चोपलं. त्यातून पुढे त्याला इंग्लंडला, थेट लॉर्ड्सवर एमसीसीच्या यंग क्रिकेटर्समध्ये बोलावणं आलं. म्हणजे दया बिया नाही, समोरच्याला धुतलं म्हणून दार उघडलं.

मग २००८ ला जर्सी. शर्ट नाही, इंग्लंड-फ्रान्सच्या मधलं बेट. वर्ल्ड क्रिकेट लीगची डिव्हिजन फाइव्ह, म्हणजे पार तळ. फायनलला जर्सीला ८० मध्ये गुंडाळलं आणि ८१ करताना यांचे स्वतःचेच आठ गेले, एवढ्यावर निभावलं. तिथून टांझानिया, मग अर्जेंटिना (हो, तिथेही क्रिकेट होतं), मग दक्षिण आफ्रिकेत वर्ल्ड कपची क्वालिफायर आणि तिथे वनडे स्टेटस, म्हणजे अधिकृत वनडे खेळायचा हक्क. सगळं एका वर्षाच्या आत! बेनोनीला स्कॉटलंडविरुद्ध पहिली वनडे, त्यात नबीचे ५८. पुढे त्याच्याच कॅप्टन्सीत २०१५ चा वर्ल्ड कप गाठला आणि २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपात ऑस्ट्रेलियाला हरवून सेमीला गेले तेव्हाही हा टीममध्ये होताच, वॉर्नरची विकेट त्यानेच काढली. त्याच्याबरोबर सुरुवात केलेले बहुतेक जण तोवर कधीच घरी बसले होते. टीमवाले उगाच प्रेसिडेंट म्हणत नाहीत त्याला.

आणि बॉलिंग बघा त्याची. त्यात बघण्यासारखं काही नाही, हीच गंमत आहे. त्यांच्याच टीममधल्या राशिद खानचा गुगली आहे, मुजीबचं बोटांचं कायतरी जादूटोणा प्रकरण आहे, नबीकडे सरळ ऑफस्पिन. लेंग्थ सोडत नाही, फ्लाइट देऊन हावरट बॅट्समनला खेळवतो, पॉवरप्लेमध्ये नवा बॉल द्या तरी टाकतो. आमच्या गावात एसटीचे काही ड्रायव्हर असायचे, गाडी कधी जोरात नाही की कधी उशीर नाही, तसला प्रकार. २०१९ च्या आयपीएलमध्ये हैदराबादकडून आरसीबीविरुद्ध ११ रन्समध्ये ४ विकेट घेतल्या, पण त्या मॅचमध्ये बेअरस्टो आणि वॉर्नर दोघांनी सेंच्युरी मारलेली, मग नबी कुणाला आठवणार. २०१७ च्या ऑक्शनमध्ये आयपीएलमध्ये विकला गेलेला पहिला अफगाणी तोच, ३० लाख, आणि त्याच दिवशी राशिद ४ कोटीला गेला. तेव्हापासून हेडलाइन राशिदचीच.

२०१९ च्याच वर्ल्ड कपात साउदॅम्प्टनला आपली काय हालत केली होती ते विसरलात का? आपण २२४ वर अडकलो, कोहली ६७ वर सेट होता, त्याला नबीने काढला. मग बॅटिंगला आला, ५२ केले आणि शेवटच्या ओव्हरला १६ हवे असताना शमीला पहिल्याच बॉलवर चौकार. माझ्या घरात तेव्हा कुणीही बिचारे वगैरे म्हणत नव्हतं, सगळ्यांची फाटली होती. मग तो लाँग ऑनला कॅच गेला आणि शमीची हॅटट्रिक झाली, आपल्याला आठवते ती हॅटट्रिक.

पण माझी फेव्हरेट इनिंग पल्लेकेलेची, फेब्रुवारी २०२४. श्रीलंकेने ३८१ केले, निसंकाची डबल सेंच्युरी, यांचे ५५ ला ५. लोकांनी टीव्ही बंद केला असणार. तिथून नबी १३६, अझमतुल्ला नाबाद १४९, दोघांची २४२ ची पार्टनरशिप! हरले, पण ४२ रन्सनी. आणि त्याच महिन्यात आयसीसीच्या वनडे ऑलराउंडर रँकिंगमध्ये बांगलादेशच्या शाकिबला खाली खेचून ३९ व्या वर्षी नंबर वन, तोवर त्या जागेवर पोचलेला सगळ्यात वयस्कर खेळाडू. आपल्याकडे ३९ ला कॉमेंट्री बॉक्स मिळतो.

आता उणी बाजू पण सांगतो, नाहीतर ही पण आरतीच व्हायची. टेस्टमध्ये त्याची बॅट चाललीच नाही. पण मिळाल्या किती? तीन. पहिली २०१८ ला बेंगळुरूत आपल्याविरुद्ध, जी दोन दिवसांत संपली, तेव्हा हा ३३ वर्षांचा. तिसरी चितगावला, बांगलादेशला त्यांच्याच घरी हरवून रिटायर झाला. जिंकून गेला ते ठीक, पण जो काळ टेस्ट शिकण्याचा होता तो याचा अर्जेंटिनात क्वालिफाय होण्यात गेला, त्याला कोण काय करणार.

दुसरा मुद्दा अवघड आहे. २०२० मध्ये यांच्या बोर्डाने २५ मुलींना काँट्रॅक्ट दिले होते, पुढच्या वर्षी तालिबान आलं, मुलींचं क्रिकेट बंद झालं आणि त्यातल्या बहुतेक जणी ऑस्ट्रेलियात जाऊन राहिल्या. ऑस्ट्रेलिया या कारणाने सीरिज खेळत नाही पण वर्ल्ड कपात खेळते, हा दुटप्पीपणा आहेच. मला विचाराल तर आयसीसीने त्या मुलींना टीम म्हणून मान्यता द्यावी, पुरुषांना बॅन करून त्यातल्या एकीलाही बॅट मिळणार नाही. डिसेंबर २०२४ ला तालिबानने मुलींचं मेडिकल शिक्षण बंद केलं तेव्हा राशिदने आणि नबीने जाहीर विरोध केला. घरचे लोक तिथे असताना हे लिहायला काय लागतं याचा विचार करा, कारण आपल्याकडचे स्टार पेट्रोलच्या भावावर सुद्धा लिहीत नाहीत.

बाकी आता बातमी अशी की नबीचा पोरगा हसन ईसाखील ओपनर आहे. जुलै २०२५ ला काबूलमध्ये त्यांच्या लीगमध्ये बाप-लेक समोरासमोर आले आणि पोराने बापाच्या पहिल्याच बॉलला सिक्स मारला. दोघांनी देशाकडून एकत्र खेळावं असं नबीचं स्वप्न आहे म्हणे, आणि त्यावर आत्तापासून रडक्या पोस्ट फिरतायत. मी तरी म्हणेन आधी पोराला रन्स करू दे. ओपनिंगला गुरबाझ आणि इब्राहिम झाद्रान बसलेत, इब्राहिमने तर वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२९ केलेत, त्यांच्यातल्या कुणाला काढून बापाच्या नावावर जागा द्यायची गरज नाही.