"असली लगाऊँ कि मिक्स?"

गेल्या महिन्यात आजीचं पितळी पातेलं कल्हईला घेऊन आपल्या इंदूरच्या राजवाड्यामागे बर्तन बाजारात गेले होते. (हो, मीपण ते 'पितळेत शिजवा'वाले रील बघूनच माळा उपसला. हसू नका.) कल्हईवाल्या चाचांनी पातेलं उलटंपालटं करून पाहिलं आणि चहात साखर किती विचारावी तसं सहज विचारलं, "बाईजी, असली लगाऊँ कि मिक्स?"

मिक्स म्हणजे?

"राँगे में सीसा. सस्ता पड़ता है. चमक वही."

राँगा म्हणजे आपलं कथील, सीसा म्हणजे शिसं. माझा चेहरा बघून त्यांनी कथलाची एक कांडी माझ्या कानाजवळ धरली आणि हळूच वाकवली. आतून करकर असा बारीक आवाज आला, नवी चप्पल वाजते तसा. "बोल रहा है ना? सीसा मिलाओ तो गूँगा हो जाता है."

मी असलीच लावा म्हटलं. कथील शिशाच्या दहा पटींहून महाग असतं, त्यामुळे पैसे चांगलेच गेले. पण डोक्यात अडकला तो हिशेब वेगळाच होता. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. अंगणात भाता, नवसागराचा पांढरा धूर, आणि आम्ही पोरं त्या धुरात नाक खुपसून उभी. त्याला 'असली की मिक्स' हे कोणी कधी विचारलं असेल? त्याच पातेल्यात चिंचेची आमटी उकळायची. आंबट पदार्थ शिसं भराभर ओढून घेतो.

आता कोणीतरी म्हणणारच, आमच्या आजीने तेच खाल्लं आणि नव्वद वर्षं जगली. माझीही जगली. पण पन्नाशीपासून तिला बीपी होतं, आणि मोठ्या माणसांत शिसं नेमकं रक्तदाबावर आणि मूत्रपिंडांवर जातं. आजीचं बीपी शिशामुळे होतं असं मी म्हणत नाही, म्हणताच येणार नाही. एका माणसाकडे बोट दाखवून 'हे त्याच्यामुळेच' असं सांगता येत नाही, हीच तर या प्रकाराची सोय आहे. हजारो माणसं मोजली की ते दिसतं, घरातल्या एकाकडे बघून नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून बसतं आणि हाडांत ठेवून देतं. रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत बरंचसं उतरतं, हाडांतलं दहा-दहा, वीस-वीस वर्षं तिथेच मुक्काम करतं. मग बाई गरोदर राहिली की किंवा पाळी गेल्यावर हाडं झिजायला लागली की तेच पुन्हा रक्तात येतं. म्हणजे मी सातवीत खाल्लेली आमटी आत्ता, पन्नाशीत, पुन्हा बाहेर येत असू शकते. त्यात जेल रोडच्या टेम्पोंचा धूर धरा. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचं झालं 2000 साली, तोवर आमचं कॉलेजसुद्धा संपलं होतं.

मागच्या वर्षीची गोष्ट आठवते? 1 जानेवारी 2025 च्या रात्री भोपाळहून युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा बारा कंटेनरांतून पोलिस बंदोबस्तात आपल्या शेजारच्या पीथमपूरला निघाला. आपल्या सगळ्या ग्रुपांवर नुसता कल्लोळ. मीही सह्या केल्या, पोस्टी टाकल्या, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. 1984 ची वायुदुर्घटना पाहिलेल्या राज्याने नाही घाबरायचं तर कोणी? पण तेव्हा मी सकाळी सकाळी पोस्ट टाकत होते ती पोहे खात खात, आणि ते पोहे होते वर्तमानपत्राच्या तुकड्यावर. तेल पसरून छपाई पारदर्शक झालेली. वर्तमानपत्रात गरम खाणं देऊ नका असं एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण, 2016 पासून सांगतंय, 2023 मध्ये पुन्हा सांगितलं. शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात म्हणून. आपण? 2017 पासून स्वच्छतेत पहिले, ट्यूबलाइट अन् सेल कचऱ्याच्या गाडीत वेगळे देणारे, आणि पोहे मात्र कागदावरच.

पोलिसांच्या गाड्या पुढे-मागे घेऊन येणारं विष आपल्याला कळतं. चिमूटभर येणाऱ्याला वास नाही, चव नाही, बातमी नाही.

मुलांचं तर सांगवत नाही. शिशाची सुरक्षित पातळी म्हणून काही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांच्या 2020 च्या अहवालात जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात डेसिलीटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं धरलंय, आणि त्यातली 27 कोटींहून जास्त मुलं एकट्या भारतातली. बुद्धी थोडी कमी, लक्ष थोडं कमी. ताप नाही, पुरळ नाही. आपण म्हणतो, पोरगं अभ्यासाला बसत नाही. आणि पोटात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातली पाच वर्षांखालची 67 टक्के मुलं रक्तक्षयी आहेत. जोडा आता दोन्ही.

बरं, यावर घरच्या बाईने काय करायचं? इथे माझं डोकं फिरतं. रीलवर दुसऱ्याच मिनिटाला डिटॉक्सचं पाणी येतं. काकडी-पुदिन्याचं पाणी हाडातून शिसं काढत नाही हो! मुलांना पालेभाजी, दूध, लोह नीट द्या, याला अर्थ आहे. बाकी 'घरी हळकुंडं आणून दळा' हा सल्ला मीही छातीठोक द्यायचे. बांगलादेशात 2019 मध्ये उघड झालं की पिवळाधमक रंग यावा म्हणून अख्ख्या हळकुंडांनाच लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळत होते. दळलं घरी, पण चोळलं कुठे? गंमत अशी की त्यांनी ते थांबवलंही. बाजारात तपासणी, दंड, व्यापाऱ्यांना तंबी. 2019 मध्ये 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं, 2021 मध्ये शून्य. कुठल्या वहिनींनी हळद जपून घेतली म्हणून नाही, सरकारने यंत्र घेऊन बाजारात माणूस पाठवला म्हणून. आपल्याकडेही घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा आहे, 2017 पासून. पण मागच्या दिवाळीला घर रंगवलं तेव्हा दुकानदाराला डबा दाखवून विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, शेड देखो ना." मारोठिया बाजारात मसाल्यांचे नमुने कोणी, कधी घेतले आणि काय निघालं, हे दर महिन्याला आपल्याला वाचायला मिळायला हवं. स्वच्छतेचे होर्डिंग लागतात तसं हेही लावा की चौकात.

पातेलं परवा आणलं. आतून चांदीसारखं. चाचा कापसाच्या बोळ्याने, उघड्या हातांनी, शेवटचा हात फिरवत होते. चाळीस वर्षं हेच काम. मी विचारलं, कधी रक्त तपासलंत का, शिशाचं? ते हसले. "मैं तो खाता नहीं बाईजी, लगाता हूँ." आणि तेच हात पँटला पुसून त्यांनी शेजारी ठेवलेली कचोरी उचलली.

कागदावरची.