हिरवी टिक हवी, पण जाड

“सगळं एकाच पीडीएफमध्ये, 2 एमबीच्या आत.” अर्जासोबतच्या कागदांबद्दल कचेरीतल्या खिडकीमागच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं. डोकं अजून तापलेलंच आहे.

जोडाजोडी अवघड नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पायपीडीएफ ही पीडीएफ हाताळणारी लायब्ररी घ्यायची, तिचा रायटर, म्हणजे नवी फाईल लिहिणारा, बनवायचा, एकेक फाईल अपेंड करायची, म्हणजे मागे जोडायची, शेवटी राईट. नावं मात्र 01, 02 अशीच द्या. नुसतं 1, 2 ठेवलंत तर सॉर्ट 10 ला 2 च्या आधी बसवतो आणि शेवटचा मृत्युदाखला भलताच पुढे जाऊन बसतो. आडवं पान रोटेट 90 ने उभं होतं. 45 दिलंत तर एरर. फाईलचं वजन, म्हणजे एमबी, यानं घटत नाही, स्कॅनची चित्रं जशीच्या तशी राहतात. त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट हा पीडीएफ बारीक करणारा प्रोग्रॅम, त्यात ईबुक सेटिंग, म्हणजे चित्रं 150 डीपीआयला, इंचामागे 150 ठिपके.

“सातबाऱ्यावरची हिरवी टिक कुठंय?”

“साहेब, ती टिक डिजिटल सहीची. ही सही मूळ फाईलच्या बाइट्सवर असते. जोडली की फाईल नवी होते, सही तुटते.”

“मग न तोडता जोडा.”

“सातबारा वेगळा देतो.”

“एकच फाईल चालते.”

तेवढ्यात मागचे काका पुढे सरसावले. “अहो, टिकच हवीय ना? आमच्या पुतण्यानं पेंटमध्ये काढली. आधी बारीक झाली होती, मग जाड केली.” पिशवीतून कागद काढून त्यांनी थेट काचेला लावला. पोपटी टिक, अर्धी गट नंबरावर आलेली.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. “हां! अशी पाहिजे.”

फाईलमधला एक बाइट हलला तरी कळावं म्हणून ही सही गणितानं बांधलेली असते. खरी टिकसुद्धा सर्टिफिकेटवर भरवसा ठेवेपर्यंत पिवळं प्रश्नचिन्हच दाखवते. इथे पुतण्या पास, गणित नापास.

तरी उपाय आहे. पायपीडीएफच्या रायटरमधल्या ॲड अटॅचमेंटनं मूळ सातबारा बंद पाकिटासारखा आत ठेवता येतो, सही शाबूत. हे घोस्टस्क्रिप्टनंतर करायचं, आधी केलंत तर ते अटॅचमेंट गिळून टाकू शकतं. आणि त्या सातबाऱ्याचं वजनही 2 एमबीत धरायचं.

साहेबांना सांगितलं, “फाईल उघडून पेपरक्लिपच्या खुणेवर क्लिक करा.”

“आम्ही फाईल उघडत नाही हो. प्रिंट काढून बघतो.”

मग ती 2 एमबीची अट कुणासाठी, कागदाच्या रिमासाठी?