हिट गाणी देणारा रॅपर बॅटलही मारतो? साफ खोटं

“मोठा रॅपर बॅटलमध्ये उतरला की बॅटलवाल्यांचा खेळ खल्लास. ज्यांची गाणी चालत नाहीत तेच बॅटल करतात,” असं ठासून सांगणारं एक रील सगळीकडे फिरतंय. बॅटल म्हणजे दोन रॅपर समोरासमोर उभे राहून शब्दांनी एकमेकांची उतरवतात, ती लढत. माझा भाचा मराठीत चांगलं रॅप लिहितो. रील पाहून त्याने बॅटलचा सराव सोडला. “आधी व्ह्यूज आणतो, मग बॅटल जमेलच,” म्हणे. संताप झाला.

दावा पहिला: नाव मोठं, म्हणजे जिंकलाच. जून 2012 मध्ये अमेरिकन रॅपर कॅनिबस, किंग ऑफ द डॉट या कॅनडातल्या बॅटल लीगमध्ये, डिझास्टर नावाच्या बॅटल रॅपरसमोर उभा राहिला. 1998 मध्ये एलएल कूल जे या बड्या रॅपरला अंगावर घेणारा हाच तो कॅनिबस. पण बॅटलमध्ये बीट नाही, हुक (गाण्याचं धृपद) नाही, रिटेक नाही. समोरच्या एका माणसासाठी लिहिलेल्या तीन फेऱ्या पाठ हव्यात आणि गर्दी ओरडत असताना त्या पेलायला हव्यात. शेवटच्या फेरीत कॅनिबसने हार मानली आणि चक्क वही काढून वाचायला लागला! व्हिडिओ आजही बघता येतो. रीलवाल्याने तो पाहिला असता तर तोंड उघडलं नसतं. उलट नाव मोठं असेल तर अडचणच होते: भांडणं, पडलेले अल्बम, जुन्या मुलाखती, सगळं जगजाहीर, आणि प्रतिस्पर्ध्याला माल आयता मिळतो.

“कॅनिबसचे दिवस संपले होते,” असं कुणी म्हणेल. बरं, मग जुलै 2014 चा न्यूयॉर्कमधला टोटल स्लॉटर हा बॅटलचा कार्यक्रम घ्या. रॅपर जो बडन तेव्हा स्लॉटरहाउस या ग्रुपमध्ये होता, एमिनेमच्या लेबलवर. हॉलो द डॉन या बॅटल रॅपरसमोर फेरी अर्धवट टाकून तो निघून गेला.

“मग एमिनेम बघा,” असंही म्हणतील. बघितला. रॅप ऑलिंपिक्स या बॅटल स्पर्धेत तो उतरला 1997 मध्ये, त्याचं नाव झालं 1999 मध्ये. आधी बॅटल, मग प्रसिद्धी. आजच्या लीगमध्ये तो उतरलेलाच नाही.

रॅपर कॅसिडीचं मात्र मान्य करावं लागतं. 2014 च्या अखेरीस डिझास्टरसमोर तो कॅनिबससारखा कोसळला नाही. पण फ्रीवेसारख्या रॅपरांशी समोरासमोर भिडतच तो वर आला होता, हे रीलमध्ये सोयीस्करपणे गाळलंय.

राहिला “बॅटल म्हणजे अपयशी लोकांचा अड्डा” हा दावा. अपयशी लोकांचा अड्डा असता, तर ड्रेकसारखा सुपरस्टार रॅपर ऐन भरात असताना किंग ऑफ द डॉटच्या मंचावर कशाला आला असता? आला तोही होस्ट म्हणून. बॅटल त्याने केली नाही.